तीस फुटी कापडी बंब

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा अगदी खाली वाकून नमस्कार. (वाकताना कंबर जरा कुरकुरते, पण कापडाच्या टेबलावर तीस वर्षं वाकल्यावर तिला तेवढा हक्क आहेच, काळजी करू नकोस.) तुझा रक्तदाब कसा आहे? सकाळची गोळी सकाळीच घेतेस ना, की अजूनही "आज बरं वाटतंय" म्हणून परत डबीत टाकतेस? आम्ही इकडे सगळे ठणठणीत. तुझी भावजय मजेत आहे आणि माझ्याशी बोलतेही आहे, म्हणजे कालपासून पुन्हा बोलू लागली आहे. आता तू विचारशील की फोन असताना हे चार कागद कशाला. तर ताई, फोनवर तू मला दुसऱ्याच वाक्याला अडवतेस, आणि माझी हकिकत नेहमी तिसऱ्या वाक्यापासून सुरू होते. कागदावर तुझा इलाज चालत नाही.

मी नगरपालिकेवर निवडून आलो तेव्हा तू म्हणाली होतीस की दुकानात रखडलेले कपडे परत मिळतील या आशेनं लोकांनी तुला मतं दिली असतील. ते मी मनावर घेतलेलं नाही. उलट तुला अभिमानानं कळवतो की या वर्षातला सगळ्यात मोठा ठराव तुझ्या भावानं मांडला. विषय होता शिडीच्या बंबाचा. आपल्या गल्लीच्या टोकाला, गादीवाल्याच्या वर तिसऱ्या मजल्यावर निवृत्त पोस्टमास्तर राहतात, आठवतात ना? (तुझी पत्रं आधी स्वतः वाचून मग बाबांना देतात असा तुला संशय होता, ते.) हल्ली त्यांचे पाय चालत नाहीत. मागच्या वर्षी गादीवाल्याच्या कापसानं पेट घेतला. ज्वाळा फार नव्हत्या, पण धूर असा की जिन्यात स्वतःचा हात दिसेना. आपला जुना बंब आला, त्याची शिडी पहिल्या मजल्यापर्यंत पोहोचते, आणि तीसुद्धा पहिला मजला थोडा खाली आला तर. शेवटी शेजारच्या चौघांनी पोस्टमास्तरांना चादरीत बांधून गाठोड्यासारखं तीन जिने खाली आणलं. मी त्या चादरीचं एक टोक धरलं होतं. खाली आल्यावर ते पहिलं वाक्य काय बोलले असतील? "पाकीट फाटलं नाही ना?" आम्ही सगळे हसलो खरं, पण पुढे दोन महिने त्यांचा खोकला आमच्या दुकानापर्यंत ऐकू यायचा, आणि प्रत्येक वेळी माझी सुई चुकायची.

म्हणून मी ठराव मांडला, की सहा मजले गाठणारी शिडी असलेला बंब पालिकेनं विकत घ्यावा. भाषण असं झालं की झोपलेले दोन सभासद जागे झाले. सगळे बाकं वाजवत असताना एकट्या गणिताच्या बाई शांत बसून होत्या. (या आमच्या विरोधी बाकावरच्या. शाळेतून निवृत्त झाल्या, पण शाळा काही त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. सभागृहात मास्तर दोनच, एक मी कपड्याचा आणि दुसऱ्या त्या खऱ्या.) त्या उठल्या आणि चष्मा पुसत एवढंच म्हणाल्या, "गाडी तीस फूट लांब, आठ फूट रुंद, अकरा फूट उंच. ती वळणार कुठून?"

आता ताई, माप हा माझा विषय. माणूस दारातून आत आला की त्याची छाती किती आणि तो ती किती सांगणार, हे दोन्ही मला कळतं. मी म्हणालो, या गावाची गल्ली न् गल्ली मला इंचात पाठ आहे. बंब कुठेही अडणार नाही. आणि अडलाच, तर जे आड येईल ते मी स्वतः उभा राहून पाडीन, मग ते कुणाच्या का बापाचं असेना! (टाळ्या.) कारकुनानं हे वाक्य इतिवृत्तात जसंच्या तसं उतरवून घेतलं. मी त्याला उद्गारचिन्हसुद्धा घालायला लावलं.

तरी बाई बसेनात. त्यांना पुरावा हवा. मग मीच तोडगा काढला, आणि हा तोडगा माझ्याखेरीज कुणाला सुचला नसता हे त्यांनीही कबूल केलं (त्या म्हणाल्या, "हे तुम्हालाच सुचू शकतं." म्हणजे तेच झालं). गाडी यायच्या आधी गाडीच्या मापाचा सांगाडा करायचा आणि तो गावातून फिरवायचा. तंबूवाल्याकडून हलक्या नळ्या आणल्या, तीस बाय आठ बाय अकराचा पिंजरा बांधला, आणि त्यावर मी लाल अस्तराचं कापड चढवलं. चार दिवस दुकान बंद ठेवून शिवलं. एका शिक्षकाच्या लग्नाचा कोट त्यामुळे राहिला, त्यानं तो उसना घेऊन लग्न उरकलं. माणूस समजूतदार आहे. फिटिंग असं बसलं की कुठे एक चुणी नाही. पुढे दोन पांढरे दिवे शिवले. अग्निशमन दलाच्या प्रमुखांनी बंबाभोवती एक चक्कर मारली आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मला वाटतं ते भारावले असावेत.

बुधवारी सकाळी स्वारी निघाली. आत आठ जण नळ्या धरून, सगळे सभासद, सर्व पक्षांचे. पुढचं डावं चाक मी. मागचं उजवं चाक उपाध्यक्ष, म्हणजे आपले देहानं आणि आवाजानं भरभक्कम असलेले बेकरीवाले. कापड गुडघ्यापर्यंत असल्यामुळे बाहेरून फक्त सोळा पाय दिसत होते, आणि आतून आम्हाला काहीच दिसत नव्हतं. पुढे दलप्रमुख शिट्टी घेऊन, बाजूनं बाई वही घेऊन, मागून इतिवृत्त घेऊन कारकून. पहिली अडचण अशी आली की खऱ्या गाडीची मागची चाकं तिरकी चालत नाहीत. हे दलप्रमुखांनी आम्हाला तीनदा समजावलं होतं, पण वळण आलं की उपाध्यक्ष हळूच दोन पावलं बाजूला सरकायचे. लगेच बाहेरून बाईंचा आवाज, "मागचं उजवं चाक घसरलं. पुन्हा मागे जा." असे आम्ही भाजीबाजाराच्या कोपऱ्यावर चारदा मागे गेलो. चौथ्या वेळी उपाध्यक्ष आतूनच म्हणाले की मी राजीनामा देतो, पण मला आधी इथून बाहेर काढा.

मोठ्या चौकात सिग्नल लाल झाला आणि दलप्रमुखांनी आम्हाला थांबवलं. (नियम म्हणजे नियम.) एका बाजूला बस, दुसऱ्या बाजूला दुधाची गाडी, मध्ये आम्ही. बसमधली माणसं आमच्यावर काय बोलत होती ते सगळं अस्तरातून स्वच्छ ऐकू येत होतं, त्यातलं थोडं तुला भेटल्यावर सांगेन. सिग्नल हिरवा झाला तर वाहतूक हवालदार आडवा आला. पुढचा रस्ता एकेरी आहे म्हणाला. दलप्रमुख म्हणाले, हा बंब आहे, याला एकेरी-दुहेरी लागू नाही. हवालदारानं बंबाकडे खालून वर बघितलं आणि विचारलं, "मग भोंगा कुठंय?" आणि मग, ताई, मागच्या उजव्या चाकातून असा काही भोंगा सुरू झाला, की दुधाच्या गाडीनं जागा करून दिली आणि हवालदारानं सलाम ठोकला. उपाध्यक्षांचा राजीनाम्याचा विचार त्यानंतर मावळला. पुढचा सगळा रस्ता त्यांनी कुणी न विचारता भोंगा वाजवला.

तर बाजार निघाला, चौक निघाला, शाळेचा बोळ निघाला, दवाखान्याचा उतारसुद्धा निघाला. प्रत्येक ठिकाणी बाईंना वहीत नाइलाजानं बरोबरची खूण करावी लागत होती, आणि त्या पेन्सिलीचा आवाज मला आत वाद्यासारखा गोड लागत होता. आता राहिली फक्त आपली गल्ली. तिथे काय अडणार? जन्म गेला तिथे. मी आतून ओरडून सांगितलं, आता डोळे मिटून चला! (तसंही काही दिसत नव्हतं.) न्हाव्याचं दुकान गेलं, ते मी साबणाच्या वासावरून ओळखलं. डावीकडे वळलो. आणि खाडकन वरून काहीतरी आदळलं, पिंजरा थरथरला, आणि आठही जण जागच्या जागी.

मला जो संताप आला! एवढं सगळं गाव पार करून आल्यावर शेवटच्या वळणावर कुणीतरी बेकायदा काहीतरी पुढे काढून ठेवलंय! मी आतूनच गरजलो, "कुणाचा आहे हा आडमुठेपणा? बाई, लिहून घ्या! नावानिशी लिहा! पालिकेच्या डोळ्यांत धूळ फेकून बांधकामं करतात लेकाचे!" उपाध्यक्षांचा भोंगा थांबला. मग बाई फार हळू आवाजात म्हणाल्या, "आडनाव माहीत आहे. पुढे तुमचं नाव घालू की तुमच्या वडिलांचं?"

आणि वरून, अगदी डोक्यावरून, तुझ्या भावजयीचा आवाज आला, "आधी बाहेर तर या. मग ठरवा."

कापडाखालून वाकून बाहेर आलो आणि वर पाहिलं. आपला सज्जा, ताई. आपला पहिल्या मजल्यावरचा सज्जा, आणि त्यात ओले टॉवेल हातात धरून उभी असलेली ही. बंबाचा लाल कोपरा सज्ज्याच्या खाली असा घुसला होता, की मी शिवलेला उजवा दिवा उसवला. गल्लीत निम्मं गाव जमलं होतं. कारकुनानं मला न विचारता इतिवृत्त उघडलं आणि मोठ्यानं वाचलं, "कुणाच्या का बापाचं असेना, उद्गारचिन्ह." सरकारी माणूस, चिन्हंसुद्धा वाचतो.

बाईंनी माझ्याच गळ्यातला टेप मागून घेतला आणि मोजलं. मंजुरी तीन फुटांची, सज्जा सव्वापाच फुटांचा. ते वरचे सव्वादोन फूट कुठून आले हे तिथल्या कुणाला ठाऊक नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. पण मला ते वर्ष लख्ख आठवलं. तुझा पाय मोडून तू तीन महिने घरात अडकली होतीस, आणि खिडकीत बसून चिडचिड करायचीस. समोरच्या इमारतीवर कामाला आलेला तो मितभाषी तरुण गवंडी रोज वरून बघायचा. बाबांनी त्याला सज्ज्याचं काम दिलं. तीन फुटांत खुर्ची मावते, पण प्लास्टरमधला पाय लांब करता येत नाही, म्हणून त्यानं बाबांना न विचारता सव्वादोन फूट वाढवले. बाबांनी विचारलं तर म्हणाला, "एवढं कोण मोजतंय!" पुढच्या वर्षी तो आमचा दाजी झाला. मला तर वाटतं, तुमच्या लग्नाचा खरा मुहूर्त त्या सव्वादोन फुटांनीच काढला. आता असल्या गोष्टी भर गल्लीत गणिताच्या बाईंना कशा सांगायच्या?

मी काही गप्प बसलो नाही. आधी सुचवलं, की सगळे जरा गुडघ्यात वाकू या. दलप्रमुख म्हणाले, बंब वाकत नाही. मग सुचवलं, गाडी उलटी घालू या. मग न्हाव्याची भिंत थोडी मागे घेता येईल का हे विचारलं (न्हावी वस्तरा हातात घेऊनच बाहेर आला होता, त्यामुळे तो मुद्दा मी ताणला नाही). तेव्हा बाई जवळ आल्या. मला वाटलं आता टोमणा मारतील. पण त्यांनी टेप गुंडाळून परत दिला आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "याच्यापेक्षा लहान बंबही मिळतो. तो इथून सहज जाईल. तुम्ही ठरावात तेवढी दुरुस्ती सुचवा, मी पाठिंबा देते. आजचं कुणी काढणार नाही." मी विचारलं, त्याची शिडी किती? म्हणाल्या, दोन मजले.

ताई, मी हो म्हणणारच होतो. खरं सांगतो, तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून खोकल्याचा आवाज आला. पोस्टमास्तर तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत बसून सगळं बघत होते. सकाळपासूनच तिथे बसवून ठेवा म्हणाले होते म्हणे, बंब येणार म्हणून. अंगात इस्त्रीचा शर्ट. त्यांनी हात हलवला आणि मला विचारलं, "काय रे, तिथवरच येतो का तो?" चाळीस पावलांचं अंतर. मी म्हणालो, "आज तिथवर. पुढच्या खेपेला तुमच्या खिडकीत." ते म्हणाले, "घाई नाही. मी कुठे जातोय."

शुक्रवारच्या सभेत मी मोठाच बंब घ्यावा असं पुन्हा मांडलं, आणि आपल्या सज्ज्याचं स्वतःहून सांगितलं, मंजुरी किती न् बांधला किती. बाकं वाजली नाहीत. मी बसल्यावर सगळ्यात आधी हात वर झाला तो बाईंचा. ठराव एकमतानं मंजूर! बाहेर पडताना त्या मला म्हणाल्या की मी शाळेत असतो तर त्यांनी मला पूर्ण गुण दिले असते, फक्त पायऱ्या चुकल्या म्हणून दोन कापले असते. मी ते प्रशस्तिपत्र समजतो.

एकूण काय, तुझ्या भावाची कारकीर्द जोरात आहे, गावाचं भलं होतंय, आणि लाल अस्तर चाळीस मीटर उरलं आहे. तुझ्या घरच्या पडद्यांचं माप कळव. गोळी घेत जा. उत्तराची वाट बघतो, पण सावकाश.

तुझा धाकटा,
(पुढचं डावं चाक)

ता. क. एक छोटीशी गोष्ट लिहायची राहिली. घर आपल्या दोघांच्या नावावर असल्यामुळे सज्ज्याचे ते सव्वादोन फूट काढायला तुझीही संमती लागते असं कारकून म्हणतो. सोबत कागद जोडला आहे, शिंप्यानं खूण करावी तशी खडूनं फुली केली आहे तिथे सही कर. मनापासून वाटलं तरच कर. तो सज्जा तुझा आहे, माझा त्यावर काही जोर नाही. तू नाही म्हणालीस तर मी सभागृहात उभा राहून तसं सांगेन. हवा तितका विचार कर, फक्त कागद शुक्रवारपर्यंत पोहोचू दे.

ता. क. दुसरा. वरच्या ता. क. मध्ये "काढायला" असं लिहिलंय तिथे "काढल्याबद्दल" असं वाच. सज्जा सोमवारी उतरवला. तू नाही म्हणशील अशी मला भीती नव्हती. तू हो म्हणशील आणि मग आठ दिवस कुणाशी बोलणार नाहीस, ही भीती होती. सगळा नाही काढला. मंजुरीचे तीन फूट शाबूत आहेत, कठडा तोच परत बसवला आहे. खुर्ची मावते. आलीस की पाय तेवढा दुमडून बसावं लागेल.

ता. क. तिसरा, आणि हा वाचताना जवळ पाणी असू दे. पालिकेची माणसं शनिवारी घण घेऊन आली होती. दिवसभर ठोकलं, टवकासुद्धा उडाला नाही. मुकादमानं मला बाजूला घेऊन विचारलं की हा सज्जा आहे की धरण, आणि आत एवढं लोखंड कुणी घातलं. तेव्हा नाइलाजानं ज्यांनी घातलं त्यांनाच फोन करावा लागला. दाजी गेले चार दिवस मित्राच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला गेलेले नाहीत. ते इथे आहेत. त्यांनी हातानं, छिन्नीनं, एकेक गज सोडवत दोन दिवसांत ते सव्वादोन फूट उतरवले, कुणाला हात लावू दिला नाही, आणि दोन दिवसांत तीन वाक्यं बोलले. त्यातलं एक चहात साखर कमी आहे हे होतं. दुसरं, सळ्या अजून नव्यासारख्या आहेत. तिसरं मला लिहायला मनाई केली आहे, पण ते तुझ्याबद्दल होतं आणि चांगलं होतं. त्यांच्यावर रागावू नकोस. खोटं बोलायचं मीच शिकवलं. खाली थोडी जागा उरली आहे, ती त्यांना देतो.

सौ. हिला, मित्राचा गुडघा उत्तम आहे. शनिवारी संध्याकाळी पोहोचतो. सही करून टाक.